मे महिन्यात पाऊस का येत नाही, बाई?

सोलापूर जिल्ह्यातल्या भूगोल आणि विज्ञानाच्या सर्व शिक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भाकणूक ऐकायला उभी होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं देशमुखांचं वासरू रात्री आणतात, ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का, मूत्र-विष्ठा कधी करतं, यावरून वर्षाचं पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलं, आता काठी टेकत ऐकते. त्या गर्दीत कुणीतरी मागून हात धरला. "बाई, ओळखलं का?" नाव आठवेना, पण डोळे आठवले. मोहोळकडं दिलेली माझी जुनी विद्यार्थिनी. नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र आहे, गल्ल्यावर हीच बसते. जून उजाडला की बियाणं घ्यायला आलेला प्रत्येक माणूस तिला एकच विचारतो, "ताई, पाऊस कधी हाय?" बोलता बोलता ती हसून म्हणाली, "बाई, मी आठवीत तुम्हाला विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलंच बघा."

मला तो तास लख्ख आठवला, आणि त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

आठवीचा वर्ग होता, मोसमी वाऱ्यांचा धडा. मी फळ्यावर काढलं होतं: उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर जाते, कमी दाब तयार होतो, समुद्राकडून बाष्प घेऊन वारे येतात, पाऊस पडतो. ही मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, आपल्याकडं सगळ्यात जास्त तापतं मे महिन्यात. मग पाऊस मेमध्ये का येत नाही? आणि दुष्काळाच्या वर्षी तर जमीन जास्तच तापते, मग त्या वर्षी जास्त पाऊस का पडत नाही?" वर्ग हसला. मी म्हटलं, "पुस्तकात जे दिलंय ते लिही, परीक्षेत तेच विचारतात." ती बसली. त्या वर्षी तिनं पुन्हा हात वर केल्याचं मला आठवत नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी सुलोचना गाडगीळ यांचं लेखन वाचताना मी थबकले. पुण्याच्या, मराठी घरातल्या बाई. १९७० मध्ये हार्वर्डमधून उपयोजित गणितात डॉक्टरेट घेतली, दुसऱ्याच वर्षी भारतात परतल्या, आधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आणि नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनवर काम करत राहिल्या. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकानं मान्सून चालतो ही कल्पना एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मांडली होती, आणि आपण ती आजतागायत जशीच्या तशी फळ्यावर लिहीत होतो. गाडगीळबाईंनी या कल्पनेसमोर ठेवलेले प्रश्न माझ्या विद्यार्थिनीचेच होते. जमीन सर्वांत जास्त तापलेली असते ती मान्सून येण्याआधी. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी जमीन जास्त तापलेली. मग नुसतं तापणं हे पावसाचं कारण कसं? पाऊस आला की जमीन गार होते आणि तो ओढ देतो तेव्हा तापते. आपण परिणाम उचलून कारणाच्या जागी बसवत होतो.

त्यांनी आणि हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांनी उपग्रहानं टिपलेली रोजची ढगांची चित्रं घेतली आणि एकामागून एक तपासली. विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती ढगांचा एक पट्टा असतो, तिथं दोन्ही गोलार्धांतले वारे येऊन मिळतात. तोच पट्टा उन्हाळ्यानंतर सरकत आपल्या उपखंडावर येतो, तो आपला मान्सून. पावसाळ्यात हिंदी महासागरावर असे पट्टे नव्यानं तयार होतात आणि काही आठवड्यांच्या अंतरानं उत्तरेकडं चढत येतात. मधल्या काळात आपण आभाळाकडं बघत बसतो. १९८० साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माझ्या वर्गातला तो तास त्यानंतरचा आहे. उत्तर जगात होतं, फक्त माझ्या फळ्यापर्यंत आलेलं नव्हतं.

गाडगीळबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कर्नाटकातल्या पावगडा भागात, आपल्यासारख्याच कोरड्या मुलखात, भुईमूग लावणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून त्यांनी जुन्या पावसाच्या नोंदींवरून पेरणीची योग्य वेळ शोधायचा प्रयत्न केला. गणित शिकलेली बाई शेताच्या बांधावर जाऊन विचारते, तुमचा निर्णय नेमका कुठं अडतो? २०२५ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. मी बातमी वाचली तेव्हा वाटलं, आठवीतल्या त्या मुलीला मी एवढंच म्हणाले असते की बाळ, तुझा प्रश्न बरोबर आहे आणि पुण्याची एक बाई नेमकं हेच शोधतेय, तर तिचं आयुष्य बदललं असतं की नाही ठाऊक नाही, पण तिचा हात खाली गेला नसता.

बंधू-भगिनींनो, माझं म्हणणं एवढंच आहे. आपण मुलांना पाऊस शिकवतो, पण पावसाचा शोध घेणारी माणसं सांगत नाही. अभ्यासक्रमात मान्सून तयार होऊन, पॅक होऊन येतो, जणू तो कुणी शोधलाच नाही, त्यावर कुणी भांडलं नाही, कुणी चुकलं नाही. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. उजनीची ११७ टीएमसीची क्षमता भरते ती आपल्या पावसानं नाही, पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसानं. शाळू येतो तो परतीच्या पावसाच्या ओलीवर. घराघरात म्हातारी माणसं अजून म्हणतात, पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती. ज्या मुलखाचं सगळं आयुष्य आभाळाला टांगलेलं आहे, तिथल्या एकाही मुलानं माझ्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत "मी हवामानशास्त्रज्ञ होणार" असं म्हटलं नाही. डॉक्टर, इंजिनिअर, फौजदार, कलेक्टर. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे म्हणून पोरं डॉक्टरकीचं स्वप्न बघतात, कारण त्यांची गोष्ट आपण मनापासून सांगतो. जी गोष्ट सांगितलीच नाही, तिचं स्वप्न पडणार कुठून?

माझे वडील मंगळवेढा तालुक्यात महसूल खात्यात होते. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं आणि रजिस्टरला लिहायचं, हे त्यांचं काम. पाऊस नसेल तर लिहायचं "निरंक". तीच नोंद ते घरी एका वहीतही करून ठेवत. ती वही माझ्याकडं आहे. १९७२ ची पानं उघडली की हात थरथरतो. निरंक. निरंक. निरंक. खाली खाली अक्षर बारीक होत गेलंय, शाई वाचवायची असल्यासारखं. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली त्या गावच्या तालुक्यात, सुकडी वाटपाच्या रांगांच्या शेजारी उभं राहून हा माणूस रोज सकाळी रिकामी बाटली मोजत होता. मी एकदा विचारलं, "नाना, नाहीच पडला तर बघायचं कशाला?" ते म्हणाले, "नाही पडला हे बघितल्याशिवाय कसं कळणार?"

त्या एका वाक्याचा अर्थ मला गिल्बर्ट वॉकर यांची हकिकत वाचल्यावर उमगला. १८९९ च्या भीषण दुष्काळाचा अंदाज सरकारी खात्याला आला नव्हता. त्यानंतर १९०४ मध्ये केंब्रिजचा हा गणिती वेधशाळांचा प्रमुख म्हणून हिंदुस्थानात आला. हवामानाचं शिक्षण नाही, आकड्यांवर मात्र श्रद्धा. त्यानं जगभरच्या दाबाच्या, पावसाच्या, तापमानाच्या नोंदी गोळा केल्या आणि कारकुनांच्या फौजेकडून हातानं गणितं करून घेतली. त्यातून सापडलं की प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढतो तेव्हा हिंदी महासागराकडं तो उतरतो, आणि उलटही. तराजूची दोन पारडी असावीत तसं. मान्सूनचा अंदाज त्याला शेवटपर्यंत नीट जमला नाही, पण १९२४ मध्ये तो निवृत्त होताना जे मागं ठेवून गेला, ते पुढं १९६० च्या दशकात एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याशी, जुळलं, आणि आज बातम्यांत एल निनो म्हटलं की मोहोळच्या दुकानातली गिऱ्हाइकंही कान टवकारतात. त्या कारकुनांची नावं बहुतेकांना माहीत नाहीत. मला ते माझ्या वडिलांचे सोबती वाटतात.

आणि ज्या उपकरणानं मोजायचं, तेच खोटं असेल तर? इथं अन्ना मणी यांची गोष्ट सांगायलाच हवी. नाव ऐकून मुलांना त्या पुरुष वाटतात, "अण्णा" समजून. केरळातल्या पीरमेड इथं १९१८ मध्ये जन्मलेल्या. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणं हिऱ्याची कुडी मिळत होती, ती नाकारून त्यांनी ज्ञानकोशाचे खंड मागितले. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली हिऱ्या-माणकांच्या प्रकाशीय गुणांवर संशोधन केलं, प्रबंध लिहिला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं डॉक्टरेट दिली नाही. आपल्या मुलींना हे सांगा. सांगून झाल्यावर पुढचंही सांगा. १९४५ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, पदार्थविज्ञान शिकायचं मनात होतं, शिष्यवृत्ती मात्र हवामानाच्या उपकरणांसाठी होती. त्यांनी तेच शिकून घेतलं. १९४८ मध्ये परतून पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणंही विलायतेहून यायची. मणीबाईंनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथं बनवायची सोय केली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभारली. पुढं ओझोन मोजायचं उपकरण देशात तयार करवलं. १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, आणि त्यानंतरही सूर्याची आणि वाऱ्याची ऊर्जा कुठं किती मिळेल याच्या मोजणीत बुडून राहिल्या. २००१ मध्ये त्या गेल्या तोवर डॉक्टरेट त्यांच्या नावापुढं लागली नव्हती. आपल्या माळरानावर आज सौर पॅनेलच्या रांगा दिसतात ना, देशात कुठं किती ऊन पडतं हे आधी नीट मोजलं ते या बाईंनी. सोलापूरसारख्या उन्हाच्या गावाला तरी हे नाव पाठ असायला हवं.

"समुद्राचं आम्हाला काय?" असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. मीही म्हणत होते. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगणा ओलांडून थेट आपल्या डोक्यावर आलं आणि पुढं अरबी समुद्रात उतरलं. दोन समुद्रांच्या मधला पूल झालो आपण. भीमेला पूर आला, पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून माणसं गेली. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं माढा-मोहोळला काय केलं ते ताजंच आहे. समुद्र आपल्यापासून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर आहे असं नकाशा सांगतो, पण तो येऊन जातो. आणि एक गंमत मुलांना जरूर सांगा: देशाची महासागर माहिती सेवा जिथून चालते, त्सुनामीचा इशारा जिथून निघतो, ती संस्था समुद्रकिनारी नाही, हैदराबादला आहे. सोलापूरहून सकाळी निघालं की दुपारी पोहोचतो आपण तिथं. लग्नाच्या साड्या आणायला जातोच की.

समुद्राकडं गेलेली आपल्याकडची एक लेक म्हणजे अदिती पंत. नागपूरला जन्म, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या. औंध संस्थानातलं आटपाडी म्हणजे आपल्या सांगोल्याच्या शेजारचं, दुष्काळानं होरपळलेलं रान. समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवरचं एक पुस्तक हाती पडलं आणि त्या सागरविज्ञानाकडं वळल्या. हवाई विद्यापीठ, लंडन, मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ ठरल्या. त्याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे तळकेंद्र उभं राहिलं. बर्फाळ समुद्रात प्रकाशावर जगणारे सूक्ष्म जीव किती अन्न तयार करतात, हे पंतबाई तपासत होत्या. मी हे सातवीच्या मुलींना एकदा ऑफ तासाला सांगितलं होतं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी दप्तर उचललं नाही.

आता आपल्या दाराशी घडलेली गोष्ट. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ आपल्या सोलापुरात तळ ठोकून होते. रडार बसवलं, पर्जन्यमापकांचं जाळं पसरलं, दोन विमानं उडवली. एक विमान ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचा धूर सोडायचं, दुसरं ढगात शिरून थेंब मोजायचं. मिठासारखे हे कण पाणी ओढून घेतात, थेंब मोठे होतात, एकमेकांना धडकून वाढतात आणि खाली येतात. कोणत्या ढगात पेरायचं आणि कोणता तसाच सोडायचा, हे शास्त्रज्ञांच्या मर्जीवर ठेवलं नव्हतं. चिठ्ठी टाकावी तसं ठरायचं, म्हणजे चांगला ढग हेरून यश दाखवता येऊ नये. तपासलेले ढग होते २७६. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पेरलेल्या योग्य ढगांखाली पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. दुष्काळ हटवायचं औषध नव्हे, पण प्रामाणिकपणे मोजलेलं उत्तर.

त्याच दोन वर्षांत माझ्या गावाकडं लोक काय बोलत होते? "विमानानं ढग पळवले." माझा सख्खा पुतण्याही तेच म्हणत होता. रागावून काय उपयोग? विमानात कोण बसलंय, ते ढगात का शिरतात, वीज कडाडताना त्यांच्या पोटात गोळा येतो की नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तेव्हा निवृत्त झाले होते, तरी सांगते, मीसुद्धा उठून त्या शास्त्रज्ञांना कुठल्या शाळेत घेऊन गेले नाही. दोन पावसाळे जगातलं उत्तम हवामानशास्त्र आपल्या शहरात मुक्कामाला होतं, आणि माझ्या ओळखीच्या एकाही शाळेतल्या मुलानं एकाही शास्त्रज्ञाला "तुम्ही आठवीत कसे होता?" असं विचारलं नाही.

सांगण्याजोगी माणसं खूप आहेत. बलिया जिल्ह्यातल्या वीज नसलेल्या खेड्यात वडाखाली शाळा शिकलेले जगदीश शुक्ला पुण्याच्या संस्थेतून अमेरिकेत गेले आणि महिना-हंगामाचे अंदाज कशाच्या आधारावर देता येतील हे दाखवणाऱ्यांत अग्रभागी राहिले. ओडिशाच्या भद्रक भागातले मृत्युंजय महापात्र लहानपणी चक्रीवादळ भोगून हवामान खात्यात चक्रीवादळांचे इशारे द्यायला आले. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळात इशारा वेळेवर गेला, लाखोंना हलवलं आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. १९३२ साली पुण्यात कृषी हवामानाचा विभाग सुरू करणारे एल. ए. रामदास यांनी तर साध्या रानात थर्मामीटर लावून दाखवलं की थंडीच्या निरभ्र, निवांत रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटलेली नसते, काही इंच वर असते. जगानं बराच काळ मोजमापाची चूक म्हणून ते उडवून लावलं, पण ते खरं ठरलं. शाळूच्या राखणीला रानात झोपणाऱ्या पोराला हा प्रयोग करायला एका डिसेंबरची रात्र आणि तीन थर्मामीटर पुरेत.

तेव्हा माझं मागणं. जून ते सप्टेंबर, महिन्यातला एक तास या माणसांसाठी ठेवा. गुण नाहीत, प्रश्न नाहीत, नुसती गोष्ट. पुण्याला सहल नेता तेव्हा शनिवारवाड्याबरोबर शिवाजीनगरचं सिमला ऑफिसही दाखवा. १९२८ मध्ये हवामान खातं सिमल्याहून तिथं आलं, म्हणून चौकालाही ते नाव. खात्याच्या किंवा पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या लोकांना पत्र लिहून बोलवा. दहावी-बारावीच्या मुलांना रस्ता नीट सांगा: बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र सोडायचं नाही, बी.एस्सी.नंतर पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, समुद्राची ओढ असेल तर गोव्यात आणि कोचीत शिक्षण मिळतं. "हवामानात काय करिअर आहे?" असं एका समुपदेशकानं माझ्या एका हुशार विद्यार्थ्याच्या तोंडावर म्हटलं होतं आणि तो दुसरीकडं गेला. तुम्ही तसं म्हणू नका. आणि एखादी मुलगी उभी राहून पुस्तकाला न पटणारं काही विचारेल, तर तिला खाली बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवा, पुसू नका.

वडिलांची वही घेऊन मी कोणत्याही शाळेत यायला तयार आहे. एस.टी.नं येईन, मानधन नको. फक्त वेळ सकाळी साडेआठची ठेवा, आणि मुलांना वर्गात बसवू नका, गावच्या पर्जन्यमापकापाशी घेऊन या. मोहोळची माझी विद्यार्थिनी पहिल्या दिवशी दुकान बंद ठेवून सोबत येणार आहे. तिला सगळं सांगून झालंय, आणि तिच्याकडं आता नवा प्रश्न आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
जुळे सोलापूर